तळ्याच्या पाहुण्याचं पत्र

गुरुजी, तुम्ही दिलेलं पाकीट मी गेल्या महिन्यात उघडलं.

तीस वर्षांहून जास्त काळ ते माझ्या देवांजवळ होतं. इथे लीड्सला आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं, घर तापवणाऱ्या बॉयलरशेजारचं कपाट. थंडीत घरातली सगळ्यात ऊबदार जागा तीच, म्हणून देवांना तिथे बसवलं. सकाळी कामावर निघण्याआधी कपाटाचं दार उघडतो, दिवा लावतो, छतावरची धुराची घंटा वाजू नये म्हणून उदबत्ती तेवढी लावत नाही. वडील घ्यायचे ती चार नावं घेतो आणि दार लावतो. तुमचं पाकीट वडिलांनी दिलेल्या पिंडीच्या पाटाखाली होतं. तुम्ही देव मानत नव्हता. पण गुरवाचा पोरगा ते पाकीट कुठे नेऊन ठेवील, आणि देवाखाली ठेवलेली वस्तू तो कधी उलगडून पाहणार नाही, हे तुम्हाला देतानाच ठाऊक असणार, असा एक संशय मला आता येतो. राग मानू नका. माझं कामच संशयाचं आहे. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी यंत्रं तपासतो. शिरेतून थेंब थेंब औषध सोडणारे पंप, शेकाची यंत्रं, रक्तदाबाची यंत्रं. यंत्राच्या पडद्यावर सगळं ठीक आहे असं दिसतं तेव्हा मी ते मानत नाही. बाहेरून मोजतो, मग हिरवं लेबल लावतो. एवढी वर्षं हजारो यंत्रं अशी मोजली, आणि तुम्ही सांगितलेल्या एका माणसाला न मोजताच हिरवं लेबल लावून ठेवलं.

तो माणूस, आपल्या गावाचा पाहुणा. त्याचं खरं नाव घ्यायला गावात कोणाचीच जीभ वळत नसे, म्हणून सगळे 'तळ्याचा पाहुणा' म्हणायचे. माझ्या जन्माआधी मोठा दुष्काळ पडला तेव्हा परदेशातून काही तरुण मुलंमुली श्रमदानाला आली होती. त्यांत हा फ्रान्समधला प्राथमिक शाळेचा मास्तर, तुमच्याच वयाचा. तीन आठवडे त्याने आपल्या पाझर तलावावर माती वाहिली. शाळेच्या ऑफिसात भिंतीवर तो फोटो होता: तुम्ही आणि तो, मध्ये एकच घमेलं, दोघांच्या अंगावर सारखीच धूळ, फक्त त्याच्या नाकाची कातडी सोललेली. वडील सांगायचे की तो देवळाच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खायचा आणि ठेचा लागला की दोन्ही हातांनी कान धरायचा. माझ्या आजीने त्याला विचारलं होतं, "काय रं बाबा, तुमच्याकडं पाऊस पडतो, मग हितं मरायला कशाला आलास?" तुम्ही त्याला ते इंग्रजीतून सांगितलंत, आणि तो काय म्हणाला ते आजीला मराठीत सांगितलंत. काय म्हणाला होता ते गावात दर घरी वेगळं सांगतात. मध्ये तुम्ही एकटेच होता.

मी पाचवीत आलो तेव्हा शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास पाहुण्याचा असायचा. आम्ही जमिनीवर, तुम्ही खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून उभे. तुमच्या आवाजातच मला ती सगळी कारकीर्द आठवते. त्याचा बाप सूतगिरणीत कामाला, आई दुसऱ्यांचे कपडे धुणारी. शिकून मास्तर झाला, मास्तरांच्या युनियनमध्ये गेला. आपल्याकडून परतल्यावर लहानशा गिरणीच्या गावात समाजवादी पक्षाकडून उभा राहिला आणि नगराध्यक्ष झाला. नगरपालिकेची मोटार त्याने दवाखान्याला दिली आणि स्वतः सायकलवरून कचेरीत जाऊ लागला. शाळेत दहा वाजता प्रत्येक मुलाला दूध चालू केलं. मग तो संसदेत गेला, आणि त्यांचा पक्ष कितीतरी वर्षांनी निवडून आला तेव्हा लोक भर पावसात रस्त्यावर नाचले आणि पाहुणा मंत्री झाला. कामगारांना पगारी सुट्टीचा आणखी एक आठवडा मिळाला. ते सांगताना तुमचा हात खुर्चीवरून सुटायचा. पाटलांचा नातू एकदा म्हणाला, "गुरुजी, त्यो मंत्री झाला, मग आपल्या गावाला डांबरी रस्ता का नाही देत?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "त्यानं घमेलं दिलं. रस्ता मागायचा तर तुझ्या आजोबाला माग, गेली वीस वर्षं तोच निवडून येतोय."

मंत्री होण्याच्या पुढे मात्र गोष्ट जात नसे. मी विचारायचो, "पुढं काय झालं, गुरुजी?" तुम्ही म्हणायचात, "पुढं काय, काम करतोय." मला एक शनिवार आठवतो. मी आठवीत असेन. तुम्ही तालुक्याच्या वाचनालयातून इंग्रजी वर्तमानपत्रांची कात्रणं आणायचात आणि वर्गातल्या फळ्याशेजारी डकवायचात. त्या दिवशी तुमच्या हातात कात्रण होतं, मी दारातून पाहिलं. तुम्ही डिंकाची बाटली उघडली, परत बंद केली, आणि कात्रण घडी करून खिशात घातलं. त्या दिवशी गोष्ट पुन्हा तळ्यापासून सुरू झाली. पोरांना काय, तळं आवडायचंच. पुढची दोन वर्षं पाहुणा मंत्री व्हायचा आणि पुन्हा घमेलं उचलायला आपल्या गावात यायचा.

मग दहावीच्या वर्षी, थंडीत, ते पत्र आलं. जाड पांढरं पाकीट, वर सरकारी शिक्का. पोस्टमननं ते शाळेत न देता आधी सगळ्या गावात फिरवलं. त्या शनिवारी गावातले वीस-पंचवीस मोठे लोकही शाळेत येऊन बसले, माझे वडील दारातच उभे होते. तुम्ही पत्र दोन्ही हातांत धरून मराठीत वाचलंत. "मुलांनो, तुमच्या तळ्याचं पाणी मी विसरलो नाही. इथे मंत्र्याच्या खुर्चीत बसतो तेव्हा तुमच्या मातीचं ओझं माझ्या डोक्यावर असतं. कोणापुढे हात पसरू नका, हाताला काम मागा." आणखी बरंच होतं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, कोणी तरी गूळ आणून वाटला. मला एवढंच खटकलं की कागद एक होता आणि वाचन फार वेळ चाललं होतं. तुम्ही कागद उलटाही केला नाहीत. ते मी कोणाला बोललो नाही. गुळाचा खडा तोंडात होता.

त्यानंतरचा जून तुम्हाला नक्की आठवत असेल. मला शहरात तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला होता, पण तिथल्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शिकणं शक्य नव्हतं. वडिलांनी दूध संघाच्या चेअरमनकडून वसतिगृहाच्या रेक्टरला चिठ्ठी आणली. चार ओळी, खाली निळ्या शाईची सही. मी ती मोठ्या हौसेने तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही नववीच्या वर्गावर होता. मला आत बोलावलंत, चिठ्ठी वाचलीत, आणि सगळ्या वर्गासमोर फाडलीत. चार तुकडे. मी मोजले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं. "चारशे मैलांवरचा कोणी येऊन राबला असता तर समजू शकलो असतो," म्हणालात, "चार हजार मैलांवरचा माणूस येऊन आपल्यात राबून गेला आणि कोणाला आपलं नावसुद्धा सांगत बसला नाही. आणि तू गुणांच्या आधी दुसऱ्याचं नाव पुढं करतोस? जा तसाच. लागला नंबर तर खरा, नाही लागला तर माझ्याकडं ये, आपण घमेली उचलू."

नंबर लागला. जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात बोलावून पाहुण्याच्या पत्राचं हे पाकीट दिलंत. "हे वशिल्याला दाखवायचं नाही," म्हणालात. "जवळ ठेवायचं." नंतर जेव्हा जेव्हा गावी आलो, तेव्हा कोणी ना कोणी सांगायचं की गुरुजी शनिवारी पोरांना तुझी गोष्ट सांगतात: 'आपल्या गुरवाचा पोरगा. चेअरमनची चिठ्ठी फाडून टाकली, तसाच गेला आणि तसाच लागला.' पाहुण्याच्या पाठोपाठ माझी. तुम्ही गेलात ते मला इथे फोनवर कळलं. मी तेव्हा नवा होतो, रजा मिळाली नाही. त्या दिवशी मी एका पंपाचं माप तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं.

आता सांगतो पाकीट का उघडलं. माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, इथेच जन्मली. घरभाड्यात अडलेल्या लोकांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेत काम करते. तिला आमच्या वॉर्डातून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. इथे पक्षाचं तिकीट कोणी वरून देत नाही, वॉर्डातले सभासद एका दुपारी जमतात, इच्छुकांची भाषणं ऐकतात आणि मतं देतात. तिच्यासमोर एक जुना, मुरलेला माणूस होता. आमच्या मंदिरात येणाऱ्यांपैकी बरेच जण पक्षाचे सभासद आहेत, आणि ते मंदिराच्या ट्रस्टमधल्या काकांचं ऐकतात. काका मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षं इथे आहेत. मंदिराचे माइक आणि स्पीकर मी सांभाळतो म्हणून मला फार मानतात.

"बाबा, तुम्ही काकांना एक फोन करा ना," मुलगी म्हणाली. जेवायला बसलो होतो. "जस्ट वन कॉल. ते सगळ्यांना सांगतील, मीटिंगला या म्हणून."

मी म्हणालो, "तुझं काम बघून येऊ देत."

"माझा काम कोणाला दिसते, बाबा? ते लोक मला फक्त 'स्पीकरवाल्यांची मुलगी' म्हणून ओळखतात."

"मग तेवढ्यावर मत मागायचं?"

"ओ माय गॉड. हे करप्शन नाहीये, कॅनव्हासिंग आहे! आई, सांग ना यांना."

बायको भात वाढत म्हणाली, "तुझ्या बाबांना त्यांच्या गुरुजींनी सांगायला हवं, आणि ते काही आता यायचे नाहीत."

मग मी तिला तुमचं सगळं सांगितलं, पाहुणा, घमेलं, सायकल, फाडलेली चिठ्ठी. लहानपणी सांगितलं होतंच, पण यावेळी ती उमेदवारासारखी ऐकत होती. फोनचा विषय तिने सोडला. म्हणाली, "ठीक आहे, फोन नका करू. मग ते लेटर तरी द्या. एका फ्रेंच सोशलिस्टनं माझ्या बाबांच्या गावाला लेटर लिहिलं, इट्स ब्यूटिफुल, मी भाषणात वाचते." मला नाही म्हणायला कारण सापडेना. खरं तर गेली कित्येक वर्षं फोन कागदावर धरला की कोणत्याही भाषेचं इंग्रजी होतं, हे मला माहीत आहे. हॉस्पिटलात जर्मन यंत्रांची पुस्तकं मी तशीच वाचतो. हे पाकीट तेवढं कधी फोनखाली धरलं नव्हतं. श्रद्धा म्हणून धरलं नाही असं मी स्वतःला सांगत आलो. पण श्रद्धा असणारा माणूस निःशंक मनाने उघडून पाहतो, गुरुजी. न उघडणाऱ्याला काहीतरी वास आलेला असतो.

मी पिंडी उचलून बाजूला ठेवली, पाकीट दिलं. तिने कागद ओट्यावर पसरला, वर फोन धरला. वाचलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाली, "बाबा, यात तळा नाहीये."

तळं नव्हतं. मुलं नव्हती, माती नव्हती, ओझं नव्हतं. टाइप केलेल्या मोजक्या ओळी. मंत्रिमहोदयांना आपलं पत्र मिळालं. आपल्या देशातील वास्तव्याची त्यांना आनंददायक आठवण आहे. आपण ज्या तरुणाची शिफारस केली आहे त्याच्यासाठी नोकरीची वा शिष्यवृत्तीची सोय करणं मात्र शक्य नाही, याबद्दल ते खेद व्यक्त करतात. खाली मंत्र्याच्या वतीने दुसऱ्याच कोणाची तरी सही.

मी फोनवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन फिजिओथेरपीत गेलो. तिथे एक फ्रेंच बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या, त्यांच्या विभागाची यंत्रं मीच तपासतो. इतकी वर्षं लीड्समध्ये काढून त्या आता इथल्यासारख्याच सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात. त्यांनी चष्मा लावला, पत्र वाचलं, म्हणाल्या, "तुझ्या मुलीच्या फोनने बरोबर सांगितलंय, लव्ह. हे छापील उत्तर आहे. रोज अशी शंभर जात असतील." मग वरचं नाव पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढला. "हा? हा तुझ्या गावात काय करत होता?"

त्या त्याच भागातल्या निघाल्या. त्याच्या गावापासून सायकलने अर्ध्या तासावर, आणि त्यांचे वडील त्याच सूतगिरणीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि तुम्ही थांबायचात तिथून पुढची गोष्ट सांगितली. सत्ता आल्यावर थोड्याच दिवसांत सरकारनं दिशा बदलली, काटकसर करा म्हणू लागलं. काही जणांनी राजीनामे दिले, पाहुण्याने दिला नाही. त्याच्याच गावची गिरणी बंद करायच्या कागदावर त्याच्याच खात्याचा शिक्का होता. शेवटच्या दिवशी तो मोटारीतून फाटकावर आला आणि बाहेर पडणाऱ्या एकेका कामगाराशी हात मिळवत उभा राहिला. "माझ्या बापानं हात खिशातच ठेवला," बाई म्हणाल्या. "घरी आला तरी खिशातच होता." पुढच्या निवडणुकीत गावाने त्याला पाडलं, तर पक्षाने वरच्या सभागृहात पाठवलं. नंतर तो कुठल्याशा कंपनीचा सल्लागार झाला, पुतण्या नगरपालिकेत चिकटला. आता त्याच्या नावाचा एक चौक आहे, मध्ये फुलझाडं लावलेली.

"म्हणजे वाईटच माणूस," मी म्हणालो.

त्या मला रागावल्याच. "असं मी म्हटलं का? शाळेतलं दूध त्याचंच होतं. माझी शाळा त्याच्याच गावात, ते मी रोज दहा वाजता प्यायले आहे. बापाचा हात खिशात आणि माझ्या हाडांत त्याचं दूध, आता तूच सांग, मत कुणाला द्यायचं."

त्या दिवसापासून मी तुमच्यावर संशय घेतोय, गुरुजी. बसमध्ये घेतो, यंत्र उघडताना घेतो, दिवा लावताना घेतो. खिशात घातलेल्या कात्रणात त्या फाटकाची बातमी होती का? ती वाचूनही तुम्ही त्याला पत्र लिहिलंत, आणि तेसुद्धा वशिल्यासाठी? तो तरुण कोण? तुमचा मुलगा तेव्हा पदविका घेऊन घरी बसला होता, गावातली म्हातारी माणसं त्याला पारावरून टोकायची. तो असेल. पुढे त्याने तालुक्याला सायकलचं दुकान टाकलं आणि आयुष्यभर पंक्चरं काढली, त्याला कोणाचाच वशिला लागला नाही. की मी होतो? दहावीतल्या पोराला मंत्री कुठली नोकरी देणार, हे तुम्हाला कळत नव्हतं थोडंच. पण मग नकाराचा कागद माझ्याच हाती का दिलात? मुलाला का नाही? आणि सगळ्यात मोठा संशय त्या जूनचा. तिकडून नाही म्हणून पत्र आलं होतं, ते तुम्ही सगळ्या गावापुढे हो म्हणून वाचलं होतं, आणि सहा महिन्यांनी मी हातात चिठ्ठी नाचवत तुमच्या वर्गात आलो. ती चिठ्ठी एकदा फाडून तुमचं भागलं नाही, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडलीत. इतकी वर्षं मी तो तत्त्वाचा संताप समजत होतो. आता वाटतं, मागून नाही मिळाला की माणसाला वशिल्याची चीड येते, तसलं काही असेल. मी तुमच्याबद्दल असं लिहितोय, आणि शेजारच्या कपाटात दिवा जळतोय.

मुलीने पत्र परत घडी करून दिलं होतं. "थँक गॉड, आधी चेक केलं," एवढंच म्हणाली. पण त्या आठवड्यात ती ताट उचलून वर आपल्या खोलीत जेवायची. एका संध्याकाळी जिन्यावर बसून ती भाषण घोकत होती, मधेच थांबली आणि आईला म्हणाली, "मला माहितेय मी हरणार." मोठ्याने नाही. मला ऐकू जावं म्हणूनही नाही.

सभा रविवारी होती. शनिवारी सकाळी आरती झाल्यावर मी मंदिरात माइकच्या तारा गुंडाळत थांबलो. काका प्रसादाचे डबे मोजत होते.

"काका, एक सांगायचं होतं."

"बोला की. डावा स्पीकर परत गेला काय?"

"स्पीकर ठीक आहे. उद्याची सभा... माझी मुलगी..."

काकांनी डबा खाली ठेवला. "अहो, तीन आठवडे झाले वाट बघून राहिलो, हा माणूस तोंड कधी उघडतो म्हणून! दुसऱ्या उमेदवाराचे सासरे दोनदा येऊन गेले, मिठाई घेऊन. मी मिठाई खाल्ली, शब्द नाही दिला."

"मत तिलाच द्या असं नाही म्हणत. लोकांनी यावं, ऐकावं."

"हो हो, ऐकावंच. कान घेऊन येतील सगळे," काका हसले. "दोन गाड्या माझ्या, एक भाच्याची. काळजी करू नका."

"तिला कळू देऊ नका."

"तिला कशाला सांगू? तिला कळलं तर ती सभेतच तुम्हाला उठवून बाहेर काढील. कुणावर गेली आहे, माहीत नाही काय मला?"

मी तारांचं वेटोळं कपाटात ठेवलं आणि देवापुढे उभा राहिलो. हात जोडले, पण वडिलांची चार नावं घेतली नाहीत.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मंदिरातले लोक तीन गाड्यांतून आले, स्वेटर घालून उजव्या बाजूच्या रांगांत बसले. मी मागे, दाराजवळ उभा, पत्र वाचलं त्या शनिवारी माझे वडील उभे होते तसा. मुलीचा नंबर आला. थंडीत बंद पडलेल्या बॉयलरांबद्दल, ओल आलेल्या घरांबद्दल ती छान बोलली. आणि शेवटी कागद खाली ठेवून इंग्रजीत म्हणाली, "भाषणात मी एका मोठ्या माणसाचं पत्र वाचणार होते. आता ते वाचत नाही. त्याऐवजी मागे उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल सांगते. माझे वडील. हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते ओळखतात. मी त्यांना माझ्यासाठी एक फोन करायला सांगितला होता, त्यांनी केला नाही. सोळाव्या वर्षी त्यांच्या शिक्षकांनी त्यांची शिफारशीची चिठ्ठी फाडली, तेव्हापासून त्यांनी कुणाचं नाव पुढे केलेलं नाही. आज तुम्ही इथे आला आहात ते कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून आला आहात. म्हणून मला तुमच्यासमोर ताठ उभं राहता येतंय."

उजव्या रांगांतली माणसं एकेक करून मागे वळून माझ्याकडे पाहू लागली. कोणी हसलं नाही. काका छताकडे बघत होते, आणि मग त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली.

ती थोड्या मतांनी जिंकली. धावत येऊन मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "बघितलं, बाबा? विदाउट अ सिंगल कॉल!" मी तिच्या पाठीवर हात फिरवला. सांगायला तोंड उघडलं होतं. तिचा चेहरा तुमच्या शनिवारच्या चेहऱ्यासारखा दिसत होता, खुर्चीवरून हात सुटल्यावर दिसायचा तसा. पाहुण्याची जागा रिकामी झाली होती, तिथे तिने मला बसवलं होतं. मी तोंड मिटलं. परवा प्रचारपत्रकाचा मजकूर तिने मला दाखवला, त्यातही मी आहे. छपाईला जायला अजून दोन दिवस आहेत. तो परिच्छेद काढ म्हणून तिला सांगायचं, म्हणजे काकांशी बोललो ते सांगावं लागेल. आणि एवढं सांगून सुटका होणार नाही, कारण तिची गोष्ट काकांपासून सुरू होत नाही, तुमच्या वर्गातल्या चार तुकड्यांपासून सुरू होते. म्हणून आधी इथे, तुम्हाला लिहून पाहतोय. तिला सांगताना काय वाटेल याचं एक माप.

हे पत्र कुठे पाठवायचं? पाकिटात जागा आहे, पिंडीखालीही आहे. पण यावेळी मी ते तिथे ठेवणार नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलोय, मुलगी कामावरून यायच्या वेळेला आली आहे, आणि कागद उघडाच ठेवणार आहे. तिला मराठी वाचायला फार वेळ लागतो. शेवटची ओळ तेवढी तिच्यासाठी मोठ्या अक्षरात काढतो.

गुरुजी, चिठ्ठ्या दोन होत्या. वडील त्याच संध्याकाळी पुन्हा चेअरमनकडे गेले, आणि रेक्टरच्या टेबलावर ती मी माझ्या हाताने ठेवली. तुम्ही फाडलीत ती पहिली.